सात गोल आणि आठवं तोंड

शनिवारी दुपारी मी डबा उघडत होते तेवढ्यात अभय सरांनी केबिनमध्ये बोलावलं. त्यांच्या स्क्रीनवर एक माठ होता.

"मंगलताई, हा माठ बघा."

मी बघितला. आमच्याच चित्रपटातला होता. गोष्टीतलं शेळीचं करडू हरवतं आणि गावोगाव फिरतं. एका घराच्या ओट्यावर ते पाणी प्यायला थांबतं, तिथला. लाल माठ, त्यावर पांढरी नक्षी.

"बघितला. अप्रूव्ह झालेला शॉट आहे."

"आता झूम करतो."

नक्षीत फुलांची रांग होती. तिसऱ्या फुलाच्या जागी फूल नव्हतं. चष्मा होता, दाढी होती आणि दाढीखाली एक वाकडी काठी होती. हॉकी स्टिक.

"सर, हा आपला नीलेश आहे."

"मलाही तसंच वाटलं. तो नीलेश आहे हे बंगलोरच्या मॅडमना माहीत नाही. पण ते फूल नाही, एवढं त्यांना कळलंय."

मी अ‍ॅनिमेशन स्टुडिओत क्यूसी करते. क्यूसी म्हणजे तयार झालेलं काम बाहेर जाण्याआधी तपासणं. आधी सोळा वर्षं मी अंबडला एका कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. स्विचचे सुटे भाग मापायचे, बसत नाहीत ते बाजूला काढायचे. ते डिपार्टमेंट बंद झालं तेव्हा अभय सरांनी मला घेतलं. चित्र काढणारे त्यांच्याकडे पुष्कळ होते; एकच चित्र शंभर वेळा न कंटाळता बघणारं कुणी नव्हतं. मला चित्रातलं फारसं कळत नाही. दोन चित्रांत फरक असेल तर तो मात्र दिसतो.

हा फरक मला दिसला नव्हता. माठ स्क्रीनवर जेमतेम तीन सेकंद असतो आणि सगळ्यांचं लक्ष करडाकडे असतं.

सरांनी बंगलोरला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. चित्रपट त्या कंपनीचा. आम्ही तो बनवून देणारे. तिथल्या नंदिता मॅडम हळू आवाजात बोलतात. त्या चिडल्या की आणखी हळू बोलतात.

"अभय, मला जोक समजतो," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "पण ही लहान मुलांची फिल्म आहे. चित्रात न सांगता काही घातलेलं असेल तर ते काय आहे, ते मी प्रत्येक देशातल्या चॅनलला समजावत बसू शकत नाही. असे अजून किती आहेत?"

"आम्ही तपासतोय."

"तपासा. उद्या संध्याकाळी सातपर्यंत साफ केलेल्या फाइल्स आणि एक पत्र हवं. आत असं काहीही नाही, असं लिहून तुमच्या क्यूसीची आणि कॉम्प लीडची सही. सोमवारी सकाळी माझी चार माणसं फक्त हेच शोधायला बसतील. त्यांना एक जरी सापडला, तर मालिका दुसरीकडे जाईल. सॉरी."

सरांनी फोन ठेवला. मालिका म्हणजे याच करडाचे सव्वीस भाग. त्या कामावर आमच्याकडच्या अडतीस माणसांचं पुढचं वर्ष अवलंबून होतं. हा आकडा सरांनीच मागच्या महिन्यात मीटिंगमध्ये सांगितला होता. मालिका आली नाही तर निम्म्या खुर्च्या रिकाम्या कराव्या लागतील, हेही त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं.

"बोलवा त्या हॉकीवाल्यांना," सर म्हणाले.

आमच्या स्टुडिओची एक हॉकी टीम आहे. हौशी. सात-सात जणांची मॅच असते, मुलं-मुली एकत्र खेळतात. सिडकोतल्या एका शाळेच्या मैदानावर रविवारी सकाळी कारखान्यांच्या आणि ऑफिसांच्या टीम येतात, तिथे आमचीही जाते. जाते आणि हरून येते. कॅप्टन भूषण, मूळचा निफाडकडचा, तोच गोलकीपर आणि तोच आमचा कॉम्प लीड. कॉम्प म्हणजे कॉम्पोझिटिंग. मागचा देखावा एक जण रंगवतो, करडू दुसरा हलवतो, धूळ-धूर तिसरा करतो. हे सगळे थर एकावर एक ठेवून शेवटचं चित्र तयार करायचं काम कॉम्पवाल्यांचं. म्हणजे चित्रात काही घुसवायचं असेल तर शेवटची संधी त्यांनाच.

भूषण आणि त्याच्या टीममधले नीलेश, केतकी आत येऊन भिंतीला लागून उभे राहिले. माठ स्क्रीनवर होताच. नीलेशने स्वतःचं तोंड बघितलं आणि जमिनीकडे बघायला लागला.

"काय प्रकार आहे हा?" सरांनी विचारलं.

भूषणने घसा साफ केला. "सर, ती आपल्या टीमची रीत हे."

"कसली रीत?"

"ज्याचा गोल, त्याचं तोंड."

"म्हणजे?"

"मॅचमधी गोल मारला, की त्या आठवड्यात जो शॉट हातात असंल त्यात मारणाऱ्याने आपलं तोंड बसवायचं. नखाएवढं. कुठं बसवलं ते सांगायचं नाय. बाकीच्यांनी शोधायचं. सापडलं नाय तर बाकीच्यांनी त्याला मिसळ द्यायची."

"आणि सापडलं तर?"

"तर त्याने सगळ्यांना द्यायची."

सरांनी डोळे मिटले. मी विचारलं, "एकूण गोल किती झाले?"

"सात," तिघंही एकदम म्हणाले. अकरा मॅचमध्ये सात. इतके कमी होते की कुणाला आठवावे लागले नाहीत.

"कुणाचे किती?"

"माझे तीन," नीलेश म्हणाला.

"केतकी?"

केतकीने आधी नीलेशकडे बघितलं, मग भूषणकडे, मग माझ्याकडे. "दोन."

"आणि रोहितचे दोन," भूषण म्हणाला. रोहित दोन महिन्यांपूर्वी नोकरी सोडून हैदराबादला गेला होता.

तीन, दोन आणि दोन. सात. मला बरं वाटलं. किती शोधायचं हे माहीत असलं की शोधणं अर्धं होतं. कारखान्यात आमचं हेच होतं. शंभर भाग आत गेले तर शंभर बाहेर आले पाहिजेत.

नीलेशने तिन्ही जागा सांगितल्या: माठ, मैलाचा दगड आणि एका ट्रकचा मागचा फळा. केतकीने दोन सांगितल्या: पतंग आणि एका साडीचा काठ. रोहितला फोन लावला. तो आधी पोट धरून हसला. मग मालिकेचं ऐकल्यावर गप्प झाला आणि एक जागा सांगितली, काडेपेटीवरचं चित्र.

"आणि दुसरं?"

"ताई, देवाशप्पथ आठवत नाही. कुठल्यातरी दुकानात होतं."

दुकानं चित्रपटात चौदा आहेत. तिथे मी आमची नेहमीची युक्ती वापरली. रंगवलेला आणि अप्रूव्ह झालेला देखावा कॉम्प्युटरमध्ये जपून ठेवलेला असतो. तो आणि शेवटचं चित्र एकमेकांवर ठेवायचे आणि कॉम्प्युटरला सांगायचं, जे सारखं आहे ते काळं कर. मग पूर्ण पडदा काळा होतो आणि नंतर घातलेली गोष्ट तेवढी चमकते. करडू चमकतं, धूर चमकतो. त्यांचं ठीक आहे, ते नंतरच येतात. पण दुकानाच्या भिंतीवर काही चमकायला नको. अकराव्या दुकानात साबणाच्या जाहिरातीत रोहित चमकला. जाहिरातीतल्या बाईच्या जागी मिशा लावून बसला होता.

सात गोल, सात तोंडं. सहा वाजता सातही जागा दुरुस्त होऊन मशीनवर रेंडरला लागल्या. रेंडर म्हणजे मशीन एकेक चित्र पक्कं करतं ते. सेकंदाला चोवीस चित्रं लागतात, म्हणून वेळ जातो. ते काम रात्रभर आपोआप होणार होतं. मी पत्र तयार केलं, त्याच्या दोन प्रती काढल्या आणि घरी जाऊन खिचडी लावली.

"सुटलीस?" आमच्या ह्यांनी विचारलं.

"सुटले. सातच्या सात सापडले."

रविवारी सकाळी मी स्टुडिओत जाऊन सातही शॉट बघितले. माठावर तिसरं फूल परत आलं होतं. आता फक्त सह्या राहिल्या होत्या. माझी मी शेवटी करणार होते. दुसऱ्याची झाल्याशिवाय आपली करायची नाही ही जुनी सवय. भूषण मॅचला गेला होता आणि खेळताना फोन बॅगेत असतो. म्हणून ह्यांना स्कूटर काढायला सांगितली आणि आम्ही मैदानावर गेलो.

आम्ही पोचलो तेव्हा हाफ टाइम झाला होता. समोर अंबडच्या एका ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्याची टीम होती, सगळे भरल्या दंडांचे. आमची मुलं लिंबाच्या फोडी चोखत वर्तुळात बसली होती आणि कधी नव्हे ती हसत होती.

"ताई, एक-शून्य!" भूषण पॅड बांधलेल्या पायांनी बदकासारखा चालत आला. "आपण एक!"

"अभिनंदन. इथे सही कर."

"हात मातीचे हेत. धुऊन येतो."

तो नळाकडे गेला. मागे वर्तुळात कुणीतरी नीलेशला विचारलं, "मग, आजचं तोंड कुठे लावणार?"

"गप बस, ताई आल्यात," नीलेश म्हणाला.

"ह्याला काय, ह्याला सवय आहे," केतकी शूज बांधत म्हणाली. "हिट दुसऱ्याची, काठी ह्याची, तोंड ह्याचं."

"झालं परत सुरू. केतके, त्या गोलाला तीन महिने झाले."

"तीन काय, तीस होऊ देत. बॉल आत चाललाच होता. तू मध्ये नुसती काठी धरून उभा होतास, कपडे वाळत घालायला उभा असल्यासारखा."

"शेवटचा टच माझा. कॅप्टनने मला दिला. तोंड पण माझंच लागलं, ट्रकवर."

"माझं पण लागलं होतं."

मी पत्राची घडी घालता घालता थांबले.

"काय म्हणालीस?" मी विचारलं.

केतकीने वर बघितलं. ती केतकी आहे. विचारलं की खरं सांगते. "ताई, मी पण लावलं होतं माझं. गोल माझा होता. पण त्याचं टेन्शन घेऊ नका, तो शॉट उडाला. एडिटमध्ये कापला. बाजाराचा, वरून दिसणारा."

"काल का नाही सांगितलंस?"

"तुम्ही गोल किती ते विचारलंत. मी दोन सांगितले. तिसरा हे लोक मला देतच नाहीत."

तिचं बरोबर होतं. मी गोल मोजले होते.

अंपायरने शिट्टी दिली. भूषण हात पुसत आला, पण सही न करता तसाच गोलपोस्टकडे पळाला. मी ह्यांच्या शेजारी सिमेंटच्या पायरीवर बसले. शॉट कापला म्हणजे चित्रपटात नाही. चित्रपटात नाही म्हणजे प्रश्न नाही. तरी पत्र पर्समध्ये घालायला हात होईना.

"चेहरा का पडला?" ह्यांनी विचारलं.

"बाजाराचा शॉट कापला म्हणतेय."

"मग चांगलंच झालं की."

"शॉट कापला. गर्दी कापली का?"

ह्यांना ते कळलं नाही, कळायचं कारणही नव्हतं. अ‍ॅनिमेशनमध्ये गर्दी फार महाग पडते. दोनशे माणसं हलवायची तर दोनशे माणसं काढावी लागतात. म्हणून आम्ही एकदाच गर्दी बनवतो, थोड्या वेळाने ती पुन्हा पहिल्यासारखी सुरू होईल अशी. तिला सायकल म्हणतात. मग तीच सायकल बाजारात लावायची, जत्रेत लावायची, लग्नात लावायची. कधी रंग बदलायचे, कधी आरशातल्यासारखी उलटी करायची. बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. आणि गर्दी हलती असल्यामुळे माझी ती काळ्या पडद्याची युक्ती तिथे चालत नाही. सगळी गर्दीच चमकते, त्यात एक तोंड काय वेगळं दिसणार?

मी उठून गोलपोस्टच्या मागे गेले. भूषण वाकून उभा होता. खेळ दुसऱ्या टोकाला चालला होता.

"भूषण, बाजाराची गर्दी कुणी बनवली होती?"

"केतकीनं. ताई, मागं व्हा, बॉल लागंल."

"ती गर्दी अजून कुठे वापरलीस?"

"मॅच झाल्यावर सांगतो ना."

"तिच्यात केतकीचं तोंड आहे."

भूषण पूर्ण वळला. हेल्मेटच्या जाळीतून त्याचे डोळे मोठे झालेले दिसले. "जत्रेत वापरली," तो म्हणाला. "एसटी स्टँडवर वापरली. लग्नात… अरे देवा. लग्नात तर दोनदा."

तेवढ्यात त्याच्या पाठीमागून, म्हणजे माझ्या समोरून, बॉल आला आणि फळीवर धाडकन आपटला. एक-एक.

मैदानभर एकच ओरडा झाला. केतकीने दोन्ही हात डोक्याला लावले. अंबडच्या टीमचा कॅप्टन माझ्याजवळून जाताना हात जोडून म्हणाला, "ताई, पुढच्या मॅचला बी या बरं का."

पायरीवरून आमचे हे ओरडले, "मंगल, तू कुणाकडून आहेस?"

मला तेव्हा हसू आलं नाही. मी आकडे मांडत होते. जत्रेचा शॉट अठरा सेकंद. एसटी स्टँड अकरा. लग्नाचे दोन, नऊ आणि आठ. एकूण सेहेचाळीस सेकंद, गुणिले चोवीस, अकराशे चार चित्रं. एका चित्राला दोन मिनिटं, मशीन आठ. म्हणजे साडेचार तासांच्या थोडं वर. त्याआधी केतकीला मूळ सायकल दुरुस्त करायला दीड तास. नंतर मला बघायला एक तास, बंगलोरला फाइल्स चढवायला दोन. नऊ तास आणि वर काही मिनिटं. आत्ता पावणेनऊ होत होते. स्टुडिओत पोचेपर्यंत सव्वानऊ. सगळं सुरळीत झालं तर सहा-वीस. मुदत सातची. चाळीस मिनिटं हातात उरत होती.

भूषण हेल्मेट काढायला लागला होता. "चला ताई. केतकीला पण बोलावतो."

"किती वेळ राहिलाय मॅचचा?"

"दहा मिनिटं असंल."

"मग खेळा. दहा मिनिटं परवडतात. अकरावं परवडणार नाही."

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच गोल मारलाय. मग हेल्मेट परत चढवलं.

मी बाजूला जाऊन सरांना फोन केला. "सर, आठवं आहे. गर्दीच्या सायकलमध्ये. चार शॉट."

"सही केलीत?"

"नाही."

"भूषणने?"

"त्याचे हात मातीचे होते."

"देव पावला," सर म्हणाले. "मी येतो स्टुडिओत. चहा सांगून ठेवतो."

शेवटची दहा मिनिटं मी नीट बघितली. हॉकीत गोलसमोर अर्धगोल आखलेला असतो, त्याला डी म्हणतात; त्याच्या आतून मारलेलाच गोल धरतात. अगदी शेवटी केतकीला डीच्या आत बॉल मिळाला. तिने जीभ दातात धरून जोरात हाणला. नीलेश पोस्टच्या अगदी जवळ उभा होता. नुसती स्टिक टेकवली असती तर बॉल आत गेला असता. पण त्याने स्टिक उचलून दोन्ही हात वर केले आणि बाजूला झाला, पोलिसाने पकडल्यासारखा. बॉल पोस्टच्या वीतभर बाहेरून गेला.

"अरे लाव ना काठी!" केतकी किंचाळली.

"लावली तरी ऐकायचं, नाही लावली तरी ऐकायचं!"

शिट्टी झाली. एक-एक. बरोबरी. आमची टीम त्या वर्षात दुसऱ्यांदाच न हरता मैदानाबाहेर आली, पण त्यांना नाचायला मी दिलं नाही. भूषणने पॅड स्कूटरच्या पायाशी टाकले आणि तो ह्यांच्या मागे बसला. मी केतकीच्या मागे बसले.

स्टुडिओत केतकीने सायकल उघडली आणि बोट ठेवलं. दोनशे माणसांत एक बाई, डोक्यावर टोपली, काखेत उसासारखी वाटणारी स्टिक. दात जिभेवर. एकदा कळल्यावर दुसरं काही दिसेना. चार माणसं फक्त हेच शोधायला बसली असती तर त्यांना ती सकाळच्या चहाआधी सापडली असती. लग्नाच्या शॉटमध्ये गर्दी उलटी केली होती, त्यामुळे स्टिक तिच्या डाव्या काखेत गेली होती.

"डाव्या हाताची स्टिक हॉकीत चालतच नाही," केतकी पुटपुटली. "कुणी बघितलं असतं तर काय म्हटलं असतं."

"खेळाचं कुणी काही म्हटलं नसतं," मी म्हणाले. "पुस ते."

तिने पुसलं. स्टिकच्या जागी खरा ऊस काढला, तोंडाच्या जागी बाजारातल्या दुसऱ्या एका बाईचं तोंड बसवलं. मी यावेळी प्रश्न बदलला. टीमच्या एकेकाला समोर बसवलं, रोहितला पुन्हा फोन लावला आणि प्रत्येकाला तेच विचारलं: "गोल सोड. या चित्रपटात तू स्वतःच्या हाताने, कुठल्याही कारणाने, कापलेल्या किंवा न कापलेल्या शॉटमध्ये, काय काय घातलंस?" नीलेशने तीन सांगितली, रोहितने दोन. भूषणने काहीच नाही असं सांगितलं आणि तो जरा हिरमुसला. गोलकीपरला तोंड मिळत नाही. बाकीच्यांना गोलच मारता आला नव्हता. केतकीने तीन सांगितली. "आता तरी तीन म्हणू ना?" तिने नीलेशला ऐकवलं. तो म्हणाला, "घे बाई. गोल पण घे."

मग कुठली कुठली सायकल किती ठिकाणी वापरली, तेही भूषणकडून काढून घेतलं आणि प्रत्येक सायकल मुळापासून बघितली: पक्षी, शेळ्यांचा कळप, पाण्याच्या लाटा. काही नव्हतं. रेंडर साडेतीनच्या आत संपलं. चारही शॉट मी दोनदा बघितले, एकदा सरळ आणि एकदा एकेक चित्र थांबवून. मग भूषणने सही केली आणि त्याखाली मी केली. साडेसहाला शेवटची फाइल चढली. अभय सरांनी मागवलेला चहा केव्हाच गार झाला होता. सगळ्यांनी तो तसाच प्याला.

सोमवार वाईट गेला. मी दुसऱ्या कामाचे शॉट लावले होते, पण खरं सांगायचं तर मी ते बघत नव्हते. दर थोड्या वेळाने केतकी माझ्या टेबलाजवळून जायची, काही न विचारता. भूषणने जेवणाचा डबा उघडला नाही. अडतीस माणसं त्या दिवशी फार शिस्तीने काम करत होती.

संध्याकाळी पाचच्या सुमारास सरांनी केबिनमधून हाक मारली. आत गेले तर त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना. "नंदिता मॅडमचं मेल आलंय. वाचा."

मेलमध्ये एकच मुद्दा होता. ऑब्झर्व्हेशन, वन. मी पुढची ओळ वाचली.

शॉट एकशे बारामध्ये करडू उन्हात उभं असताना दोन सेकंद त्याची सावली दिसत नाही. कृपया दुरुस्त करावी. बाकी सर्व ठीक. मालिकेच्या कामाबद्दल बुधवारी बोलू.

मी खुर्चीत बसले. सावली गेली होती! साधी, सरळ, रोजची चूक. एखादा थर लावायला कुणीतरी विसरलं होतं, जसं दर आठवड्याला कुणीतरी विसरतं. इतक्या वर्षांत चूक वाचून आनंद झाला तो ह्या एका वेळी.

"हसताय काय ताई?" दारातून भूषणने विचारलं. त्याच्या मागे निम्मी टीम उभी होती.

"एकशे बाराची सावली कुणी घालवली?"

नीलेशने हात वर केला.

"लाव जा," मी म्हणाले. "फक्त करडाची."

मालिका आली. तोंडं बसवायची रीत अभय सरांनी बंद केली. टीमने ती कशी चालू ठेवायची यावर अजून चर्चा चालू आहे आणि मी त्या चर्चेत बसत नाही. माझ्या तपासणीत दोन गोष्टी वाढल्या. जी वस्तू अनेक ठिकाणी वापरली जाते ती आता मी आधी मुळात बघते, मग ठिकाणांवर. आणि आकडा जुळला की थांबत नाही. आपण नेमकं काय मोजलं ते आधी विचारते.